दात न पाहिलेला घोडा

महागाव तालुक्यातले फुलसावंगी असो की विदर्भातले दुसरे कुठले गाव, आपल्याकडे शर्यत म्हटली की शंकरपटच आठवतो. जोडी सुटते, धुल्ला उडतो आणि निकालावरून वाद पेटतो. घोड्यांच्या शर्यतीतही वाद तेच. फरक एवढाच, की तिथे ते मिटवायला ‘स्टुअर्ड’ नावाचे पंच असतात. हे पंच शहाणे कसे झाले, त्याची ही गोष्ट.

साल 1844. इंग्लंडमधल्या एप्सम गावची ‘डर्बी’. ही शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. ‘रनिंग रेन’ हा घोडा पहिला आला. पण हा घोडा वयाने मोठा आहे, अशी तक्रार शर्यतीआधीच झाली होती. पंचांनी काय केले? ‘आधी पळू द्या, जिंकला तर पाहू,’ म्हणाले!

आपल्या बैलबाजारातला शेतकरी हसेल. दोन दाती की चार दाती, हे पाहिल्याशिवाय तो इसाराची रक्कम हातावर ठेवत नाही. आणि तिथे लाखमोलाच्या शर्यतीत कोणी घोड्याचे तोंड उघडले नाही!

प्रकरण न्यायालयात गेले. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी चिकाटीने पुरावे जमवले. न्यायाधीशांची मागणी साधी होती: घोडा हजर करा. घोडा काही आला नाही. तो खरे तर ‘मॅकाबियस’ नावाचा चार वर्षांचा घोडा होता. अखेर दुसऱ्या आलेल्या ‘ऑर्लँडो’ला विजयी ठरवले गेले. धडा असा, की चौकशी उशिरा झाली तर घोडाही हातचा जातो आणि पुरावाही.

इंग्रजांबरोबर शर्यती मुंबईत आल्या, तसे नियमही आले. महालक्ष्मीचे मैदान 1883 सालचे. तिथे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती होतात. शर्यत संपली म्हणजे निकाल लागला असे नाही. जॉकी खोगिरासह पुन्हा काट्यावर उभा राहतो. वजन कमी भरले तर घोडा बाद. कोणी कोणाला आडवे गेले का, हे चित्रफितीवर समोरून आणि बाजूने पाहिले जाते. जॉकींना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकतात. दोष ठरला तर पहिला घोडा खाली सरकतो. उत्तेजक औषधासाठी नमुने तपासतात. चौकशी चालू असेतो पैजेचे पैसे कोणाला मिळत नाहीत. क्लबच्या मानद स्टुअर्डांबरोबर पगारी स्टुअर्डही असतात, कारण नुसती प्रतिष्ठा पुरत नाही, जाणकार नजरही लागते.

1996 साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. पण कौशल्याला अर्थ केव्हा? घोडा खरा आणि धाव निर्मळ असेल तेव्हाच.

आपल्या बैलांच्या शर्यतीही 2014 साली बंद झाल्या. 2021 साली अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि 2023 साली घटनापीठाने त्या कायद्याला मान्यता दिली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाला मारझोड चालत नाही. काहींना ही कटकट वाटते. पण बैल बोलत नाही, घोडाही बोलत नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी आधी पाहायला हवे. शर्यत संपल्यावर नव्हे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)