बाप्तिस्म्याची चांदी

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या ज्येष्ठ कन्येचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८४१ रोजी झाला. त्यासाठी लिलीच्या फुलांनी सजविलेले, सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे जलपात्र मुद्दाम घडविण्यात आले होते. त्या काळच्या सरदार घराण्यांत धर्ममाता-पित्यांनी बालकास चांदीचा पेला, चमचा, काटा व सुरी देण्याचा प्रघात होता. दांड्याच्या टोकाशी प्रेषितांच्या मूर्ती असलेले ट्यूडरकालीन चमचे हे त्याचे पूर्वरूप. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि मध्यमवर्गालाही तो थाट साधू लागला.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांस हे परके वाटू नये. आपल्याकडेही बारशाला आजोळहून चांदीचे वाळे, वाटी-चमचा येतो. त्यात मामाची माया असते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु भेट परवडत नाही म्हणून एखादी श्रद्धावान बाई धर्ममाता होण्यास संकोचली, तर चांदी कृपेच्या आड आली असेच म्हणावे लागेल.

१६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकातील बाप्तिस्मा-विधीत पेल्या-चमच्याचा उल्लेखही नाही. धर्ममाता-पित्यांना तेथे बजावले आहे ते हे, की बालकास मतांगीकार, प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा लोकभाषेत शिकवाव्यात. आपल्या राज्याचा कारभार हिंदीत चालतो. मराठी घराघरांतूनच राखावी लागते. अशा मुलखात मायबोलीत मुखोद्गत करून दिलेली प्रभूची प्रार्थना हीच धर्ममातेची खरी भेट होय. ती देण्यासाठी सोनाराकडे जावे लागत नाही.