परिचारिकेच्या खांद्यावरचा भार



आपल्या काष्टीच्या बैलबाजारात आलेला जाणता शेतकरी बैलाचे दात पाहतो, चाल पाहतो आणि मग खांद्यावरून हात फिरवतो. जुवाने खांदा सुजलेला दिसला तर तो बैलाला आळशी म्हणत नाही. ओझे फार झाले आणि विसावा कमी पडला, हे त्याला कळते. उपमा तोकडी आहे, हे मी जाणतो. परंतु दुर्धर आजाराच्या मुलांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या बाबतीत एवढी साधी जाण समाजाने क्वचितच दाखविली आहे.

या इतिहासाचा एक धागा आपल्याच जिल्ह्यातून जातो. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, त्यात अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, मिस फरार यांच्या संस्थेचा वाटा होता. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे सांगतात. त्या सेवेत त्यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

या त्यागापुढे आपण मस्तक नमवितो, ते योग्यच आहे. परंतु नमस्कार करून आपण मोकळे झालो काय? पाठीवरच्या त्या मुलाला दुसरा खांदा देण्याची व्यवस्था आपण पुढे केली काय?

१९२९ साली परळला मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय निघाले. मुलांची शुश्रूषा आता केवळ प्रसंगाची राहिली नाही, ती रोजच्या पाळीची नोकरी झाली. मनुष्यबळ मात्र तुटपुंजेच होते. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात प्रशिक्षित परिचारिका अवघ्या सुमारे ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक!

बरे, प्रश्न केवळ संख्येचा आहे काय? इझाबेल मेंझिस या विदुषीने लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास १९६० साली प्रसिद्ध केला. तेथे परिचारिकेचा रोग्याशी जीव जडू नये म्हणून कामाचे तुकडे पाडलेले होते. एकीने सर्वांचा ताप पाहावा, दुसरीने सर्वांची अंथरुणे घालावीत. रोग्याला नावाने नव्हे, तर खाटेच्या क्रमांकाने ओळखले जाई. हेतू हा की दुःख होऊ नये. घडले मात्र उलट. कामातील समाधान गेले, मनातील भीती तशीच राहिली, आणि शिकाऊ मुलींपैकी जवळजवळ एक तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडून जात.

महिनोन्महिने उपचार घेणाऱ्या मुलाचे नाव, त्याचा हट्ट, त्याची आवडती गोष्ट परिचारिकेला ठाऊक असते. आई उशाशी बसलेली असते. तिचे रडणे, तिचा राग, तिचे प्रश्न प्रथम परिचारिकेलाच झेलावे लागतात. आणि एके सकाळी खाट रिकामी होते. तासाभरात तेथे दुसरे मूल येते. पहिल्यासाठी डोळे पुसायलाही तिला वेळ नसतो.

या अवस्थेला १९७४ साली अमेरिकेतील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी ‘बर्नआउट’ हे नाव रूढ केले. जणू सरपण जळून राख उरावी! २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की हा रोग नव्हे. कामाच्या जागी साचत गेलेल्या आणि न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम आहे. म्हणजे दोष बाईच्या मनाच्या दुबळेपणाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

मग उपायही व्यवस्थेतच शोधले पाहिजेत. अतिदक्षता विभागात एका रोग्यामागे एक परिचारिका हे प्रमाण कागदावर आहे, ते प्रत्येक पाळीत उतरले पाहिजे. कठीण विभागातून ठराविक काळाने पालट मिळाला पाहिजे. मूल दगावले तर त्या पाळीतील सर्वांनी घटकाभर एकत्र बसून मन मोकळे करावे, आणि वडीलधाऱ्या सिस्टरने नव्या मुलीला सांगावे, “रडू आले तर रड, त्यात कमीपणा नाही.”

आपण गावकरीही यातून सुटत नाही. परिचारिकेला देवी म्हणणे सोपे आहे. पण देवीला थकवा नसतो, असे आपण सोयीने धरून चालतो. तिला माणूस म्हणू या. सावित्रीबाईंच्या पाठीवरच्या मुलाला आपण दुसरा खांदा देऊ, त्याच दिवशी तो नमस्कार पुरा होईल.