हरवलेल्या मूकपटांचा इतिहास : पर्ल बाउझर यांचे संशोधनकार्य

इतिहासलेखन साधनांवर अवलंबून असते. साधने जतन करण्याचे सामर्थ्य ज्या समाजाला लाभत नाही, त्याच्या कर्तृत्वाची नोंदही पुसट होत जाते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मूकपटांबाबत हेच घडले. नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही व नाशवंत होती; प्रती मोजक्याच निघत आणि गावोगावच्या खेळांत झिजून जात. ऑस्कर मिशो (१८८४-१९५१) यांनी १९१९ पासून सुमारे ४० चित्रपट निर्माण केले. मात्र त्यांचे केवळ ३ मूकपट आज उपलब्ध आहेत. झुंडबळीचे भीषण वास्तव मांडणारा ‘विदिन अवर गेट्स’ (१९२०) हा त्यांपैकी एक होय. त्याची प्रत अमेरिकेत नव्हे, तर स्पेनमधील चित्रपट संग्रहालयात सापडली. तिच्यातील संवादपाट्या स्पॅनिश भाषेत असल्याने त्या पुन्हा इंग्रजीत आणाव्या लागल्या.

या पार्श्वभूमीवर पर्ल बाउझर (१९३१-२०२३) यांचे कार्य मूलगामी ठरते. चित्रपट नष्ट झाला म्हणून त्याचा इतिहासही संपला, हे त्यांनी मान्य केले नाही. चित्रफिती, छायाचित्रे व भित्तिपत्रके यांच्या जोडीला त्यांनी जुन्या कलावंतांच्या आणि प्रेक्षकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. ‘आफ्रिकन डायस्पोरा इमेजेस’ हा त्यांचा संग्रह यातूनच आकारास आला. १९९४ मध्ये बेस्टर क्रॅम यांच्यासमवेत त्यांनी ‘मिडनाइट रॅम्बल’ हा माहितीपट दिग्दर्शित केला. २००० मध्ये लुईस स्पेन्स यांच्या सहकार्याने त्यांनी मिशो यांच्या मूकपटांवर ग्रंथ लिहिला. या ग्रंथाच्या शीर्षकातच ‘प्रेक्षक’ हा शब्द आहे, ही बाब सूचक आहे. जो चित्रपट पाहता येत नाही, तो पाहणाऱ्यांच्या स्मृतीतून व तत्कालीन कृष्णवर्णीय वृत्तपत्रांतून अभ्यासता येतो, ही त्यांच्या अभ्यासपद्धतीची दिशा होती.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. अनेक दशकांनंतर सांगितलेली आठवण काळाच्या ओघात बदललेली असू शकते. म्हणून ती लिखित पुराव्याशी ताडून पाहणे अनिवार्य ठरते. तथापि, वृत्तपत्रांतील जाहिरातीवरून चित्रपट कोठे लागला एवढेच कळते. तो पाहताना प्रेक्षकांना काय वाटले, हे स्मृतीच सांगू शकते.

२०१२ मध्ये हा संग्रह स्मिथसोनियन संस्थेच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृती संग्रहालयाकडे गेला. एका व्यक्तीने जपलेला ठेवा राष्ट्रीय साधन झाला, हे बाउझर यांचे यश होय. परंतु हे जतन दीर्घकाळ एका व्यक्तीच्या चिकाटीवर विसंबून राहिले, ही वस्तुस्थितीही इतिहासाने नोंदवली पाहिजे. कारण अशी व्यक्ती ज्यांना लाभली नाही, अशा चित्रपटांची आज नावेही उरलेली नसतील.