अलिबागची सुई आणि मुंबईची ट्राम

अलिबागला समुद्राकाठी जाल तेव्हा चुंबकीय वेधशाळेचे आवार जरूर पाहा. गुरुजींनी मुलांना ही हकिकत सांगण्याजोगी आहे.

१८२१ साली सीबेक या जर्मन संशोधकाने दोन धातूंचे तुकडे टोकांना जोडून एक सांधा तापवला, तर जवळची चुंबकसूची हलली! उष्णतेने चुंबकत्व आलं, असं त्याला वाटलं. खरं पाहता धातूंतून वीज वाहिली होती. भट्टीची उष्णता मोजणारे थर्मोकपल ते हेच. तांबे-कॉन्स्टन्टनच्या जोडीत अंशामागे सुमारे ४० मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा पंचवीस हजारावा भाग. इलेक्ट्रॉनिक यंत्राने ती वाढवून वाचावी लागते, आणि शेजारच्या विजेचा उपद्रव आधी दूर ठेवावा लागतो.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेवर हाच प्रसंग आला. तिथे १८४६ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अखंड नोंदी होत होत्या. विजेची ट्राम येणार म्हणताच सगळी साखळी धोक्यात आली. डॉ. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. अलिबागला चुंबकाला न ओढणाऱ्या पोरबंदरी दगडाची वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. माझ्या मते खरं शहाणपण यातच, कारण त्यामुळे जुने आकडे नव्याशी जुळवता आले. ट्राम धावली १९०७ साली.

ट्राम टळली, ऊन कुठे टळतंय? चुंबक तापला की त्याचा जोर घटतो. म्हणून नोंदीची खोली अशी बांधली, की बाहेर कोकणातलं ऊन तापलं तरी आतलं तापमान दिवसभरात जवळजवळ हलू नये.