फितीवरचा इतिहास आणि तो वाचणारे यंत्र



इतिहास म्हटला की बखरी, सनदा आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. ताम्रपटाचे एक बरे असते. तो वाचावयास डोळे आणि लिपीचे ज्ञान एवढे पुरते. परंतु आपल्या पिढीने आपला बराचसा इतिहास अशा वस्तूवर लिहून ठेवला आहे की, ती नुसत्या डोळ्यांनी वाचताच येत नाही. कपाटातली व्हीएचएस कॅसेट उघडून पाहा. काळसर फितीवाचून तेथे काही दिसणार नाही. मुलीचे लग्न, आजोबांचा आवाज, कारखान्याच्या गेटवरची सभा हे सारे तिच्यात आहे. पण वाचणारे यंत्र नसेल तर ते असून नसल्यासारखेच.

ही फीत आली कोठून? १४ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत शिकागो येथे ॲम्पेक्स कंपनीने व्यवहारात चालेल असे चित्रमुद्रण यंत्र प्रथम दाखविले. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या लहानशा तुकडीने ते बनविले होते. अडचण अशी होती की, आवाजापेक्षा चित्रात मजकूर फार; तो टिपावयाचा तर फीत भयंकर वेगाने पळवावी लागे. या मंडळींनी फीत सावकाश चालविली आणि मुद्रण करणारी हेडेच तिच्या रुंदीवर गरगर फिरविली. फीत दोन इंच रुंद, यंत्राची किंमत पंचेचाळीस-पन्नास हजार डॉलर! फीत महाग, म्हणून जुने पुसून तीवर नवे भरावयाचे, हा पुष्कळ ठिकाणचा रिवाज झाला. इंग्लंडच्या बीबीसीने आपले कित्येक कार्यक्रम असे स्वतःच्या हातांनी पुसून टाकले.

घरात हे यंत्र आणले ते जपानने. १९७५ साली सोनीचे बीटामॅक्स आले, १९७६ साली जेव्हीसीचे व्हीएचएस. शिझुओ ताकानो व युमा शिराइशी ही व्हीएचएस घडविणाऱ्यांतील प्रमुख नावे. आपल्याकडील पाल पद्धतीच्या व्हीसीआरमध्ये ६२ मिलिमीटर व्यासाचा ढोल सेकंदाला २५ फेरे घेतो आणि अर्धा इंची फीत त्याला तिरकी वेढून सेकंदाला अडीच सेंटिमीटरांहूनही कमी सरकते.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले. त्याच वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर होते. त्यांच्या घरी व्हीसीआर कोठला? पुढे चाळीचाळींतून वर्गणी काढून तो रात्रीपुरता भाड्याने येऊ लागला आणि लग्नाचे ‘शूटिंग’ कामगाराच्या घरापर्यंतही पोहोचले. ज्यांची नावे कोणत्याही बखरीत आली नसती, त्यांचे चालणे-बोलणे प्रथमच नोंदले गेले.

या नोंदीचे मोल मला उशिरा कळले. आमच्या युनियनच्या कचेरीत माळ्यावर अकरा कॅसेटी पडून होत्या. पावसाळ्यांनी चारींवर बुरशी चढविली, दोष आमचाच. एका वयस्क मेकॅनिकने जुना व्हीसीआर उघडून हेड साफ केले, तेव्हा उरलेल्या सात लागल्या. त्यांत १९९६ सालची एक सभा निघाली. तिच्या इतिवृत्तात ‘चर्चा होऊन ठराव एकमताने संमत’ एवढीच ओळ आहे. फितीवर मात्र मागच्या रांगेतल्या दोन कामगार भगिनी उठून पाव तास विरोध करताना दिसतात. ते इतिवृत्त लिहिणारा मीच होतो. फीत गेली असती, तर माझे असत्यच इतिहास ठरले असते.

आता या कॅसेटी संगणकात उतरवाव्या कशा? व्हीसीआरच्या पिवळ्या सॉकेटातून चित्र निघते, पांढऱ्या-तांबड्यातून आवाज. एस-व्हिडिओचे सॉकेट असल्यास ते घ्यावे. त्यात उजेड व रंग वेगवेगळ्या तारांनी येतात आणि चित्र स्वच्छ राहते. या तारा कॅप्चर उपकरणाला व ते संगणकाला जोडावयाचे. ताणलेल्या फितीवरील रेषा वेळ चुकवितात. त्यांना ताळ्यावर आणणाऱ्या यंत्रास टाइम बेस करेक्टर म्हणतात. बुरशीची कॅसेट तशीच घालू नये. ती हेड बिघडविते आणि पुढच्या कॅसेटीलाही लागण करते. तीन तासांच्या कॅसेटीस तीन तासच लागतात. या कामाला ओव्हरटाइम आहे, सूट नाही.

यामागे एक समझोताही आहे. युरोपात व आपल्याकडे चित्राच्या रेषा ६२५, अमेरिकेत व जपानात ५२५. तरीही १९८२ साली आंतरराष्ट्रीय करार झाला की, दोन्हीकडे दृश्य रेषेचे नमुने ७२० च घ्यावयाचे. भांडणाऱ्या दोन पक्षांस मानवेल असा आकडा काढणे किती कठीण, हे वाटाघाटीस बसलेला माणूस जाणतो.

पण वेळ थोडा आहे. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनविणे थांबविले. २०१९ साली युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने व ध्वनिचित्र-संग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने इशारा दिला की, २०२५ च्या सुमारास फिती वाजविण्याची सोय जवळजवळ संपेल. ती मुदत आपल्या डोळ्यांदेखत आली. सुटे भाग सरत आहेत आणि ते बसविणारी बोटे म्हातारी होत आहेत. फितीचा इतिहास आता कंपन्यांच्या हाती उरलेला नाही. तो गल्लीतल्या त्या मेकॅनिकच्या हाती आहे, आणि त्याला कोणी पेन्शन दिलेली नाही.

म्हणून घरी गेल्यावर कपाट उघडा. गल्लीतला मेकॅनिक शोधा, त्याला योग्य दाम द्या आणि शेजारचा एखादा मुलगा त्याच्यापाशी शिकावयास बसवा. उतरविलेल्या प्रती दोन ठिकाणी ठेवा, मूळ कॅसेट टाकू नका. आपण मागे काय लिहून ठेवले, ते आपल्या पश्चात कोणाला तरी पडताळून पाहता आले पाहिजे.