गेमचं कार्ड आणि कॅन्सरचा हिशेब

पोरगं रात्रभर गेम खेळतं म्हणून आपण ओरडतो. पण अशाच गेमवेड्यांच्या पैशावर वाढलेलं ग्राफिक्स कार्ड आज कॅन्सरच्या उपचारात कामाला येतंय. गोष्ट जरा मागून सांगतो.

१९४६ साल. आजारातून उठलेले गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम एकटेच पत्ते खेळत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता किती? सूत्राने काढणं अवघड. मग भरपूर डाव खेळून मोजलं तर? ही कल्पना त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली आणि लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेत न्यूट्रॉनचा हिशेब तसाच होऊ लागला. जुगाराच्या गावावरून नाव पडलं 'माँटे कार्लो'.

रेडिएशनला हीच पद्धत चपखल बसते. फोटॉन शरीरात कुठे धडकेल, इलेक्ट्रॉन ऊर्जा कुठे सोडेल, सगळा शक्यतेचा खेळ. असे लाखो-कोट्यवधी कण संगणकात सोडायचे आणि डोस मोजायचा. फुप्फुसात, हाडाजवळ सोपी सूत्रं चुकतात, तिथे हा हिशेब सगळ्यात भरवशाचा. अडचण एकच, वेळ. एकेका पेशंटला तासन्‌तास लागायचे. म्हणून हॉस्पिटलं झटपट सूत्रांवर भागवायची. पद्धत माहीत होती, पण ती पेशंटपर्यंत पोचत नव्हती.

वाट सापडली गेमच्या बाजारात. पडद्यावरचे लाखो ठिपके एकाच वेळी रंगवणारी चिप! २००७ मध्ये एनव्हिडियाने 'कुडा' आणलं आणि त्या चिपवर वैज्ञानिक प्रोग्राम लिहिणं सोपं झालं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत शुन जिया, स्टीव्ह जियांग यांच्या गटाने माँटे कार्लो त्यावर चढवलं. २०१० च्या पहिल्या प्रयत्नात वेग वाढला जेमतेम ५-६ पट. कारण कण शिस्तीत चालत नाहीत. एक लवकर संपतो, दुसरा भटकत राहतो, आणि सोबतचे हिशेब खोळंबतात. मग त्यांनी फोटॉन आणि इलेक्ट्रॉनचे हिशेब वेगळे काढले. २०११ मध्ये एका साध्या प्रोसेसरच्या तुलनेत वेग ६९ ते ८७ पट! पूर्ण प्लॅनचा हिशेब ४० सेकंदांच्या आत.

याने काय होतं? उपचार पाच-सहा आठवडे चालतात. तेवढ्यात गाठ आकसते, माणूस वाळतो, पण प्लॅन मात्र जुन्या स्कॅनचा. हिशेब झटपट झाला तर प्लॅनही बदलता येतो. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला एमआरआय जोडलेल्या यंत्रावर त्या दिवसाच्या चित्रावरून प्लॅन जुळवून पेशंटवर उपचार झाले.

संगणकाचा खोळंबा बराचसा संपला. पण आपल्याकडे आजही कितीतरी पेशंट रेडिएशनसाठी गाव सोडून मोठं शहर गाठतात, तिथे नंबर लावतात. यंत्र आणि ते चालवणारी शिकलेली माणसं गेमच्या दुकानात मिळत नाहीत. त्याची तजवीज सरकारलाच करावी लागेल, आणि ती मागावी लागेल आपल्याला.