बंड्या आणि चार अटी

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. कारण बंड्या. बंड्या म्हणजे आमचा बारा वर्षांचा गावठी कुत्रा. दिंडोशीच्या चढावर एका पावसाळ्यात, पिल्लू असताना सापडलेला. बिबट्याच्या तावडीतून वाचला, रिक्षांतून वाचला, माझ्या स्वयंपाकातूनही वाचला. मग एके दिवशी खाणं सोडलं आणि पाणी मात्र बादलीभर प्यायला लागला.

रक्त तपासलं. क्रिएटिनिन ६.८. कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचे चार टप्पे करतात. क्रिएटिनिन ५ च्या वर गेलं की चौथा, म्हणजे शेवटचा. यातली वाईट गोष्ट अशी, की मूत्रपिंडाचं जवळजवळ दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसं काही दिसतच नाही. आमचे सर्व्हर तरी बंद पडण्याआधी लॉगमध्ये बोंबलतात.

मग सल्ले सुरू झाले. एक डॉक्टर म्हणाले, अॅडमिट करा. दुसरे म्हणाले, घरीच सलाईन द्या, म्हातारा आहे, पिंजऱ्यात घाबरेल. ऑफिसातला मित्र म्हणाला, "इंजेक्शन देऊन टाक यार, सुटेल बिचारा." आई म्हणाली, "मुक्या जिवाला मारायचं पाप आपल्या हातून नको." वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, कुत्र्याला कळतं, तोच सांगेल." सगळे मनापासून बोलत होते, आणि कुणाचंच कुणाशी जुळत नव्हतं.

झोप येईना तेव्हा मी जे नेहमी करतो तेच केलं, म्हणजे जुनी मुंबई वाचत बसलो. या शहराने हा प्रश्न कधी सोडवलाय का?

सोडवलाय. तोही एकदा नाही, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलंय.

पहिलं उत्तर दंगलीतून आलं. भटकी कुत्री वर्षातल्या ठरावीक काळात मारायची, असा कंपनी सरकारचा नियम १८१३ पासूनच होता. १८३२ साली ती मुदत वाढवली. एका कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे, त्यामुळे शिपाई घरादारातलीही कुत्री ओढून नेतात अशी ओरड होती. त्यात पारशी लोकांत कुत्र्याचं स्थान मोठं. अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवतात, त्याला सगदीद म्हणतात. ६ जूनला, नेमका त्यांचा पवित्र दिवस असताना, कुत्री मारणाऱ्या शिपायांना जमावाने बडवलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू, जैन आणि मुसलमानही सामील झाले आणि कुलाब्याच्या गोऱ्या सैनिकांची रसद अडली. मुंबईच्या अगदी सुरुवातीच्या हरताळांपैकी हा एक, आणि तो कुत्र्यांसाठी!

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरापोळ उभा केला. त्यामागचा विचार सरळ होता: मारायचं नाही. जनावर म्हातारं असो, लंगडं असो, त्याला शेवटपर्यंत सांभाळायचं. हे आईचं उत्तर.

दुसरं उत्तर परळला मिळालं. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणारी संस्था मुंबईत १८७४ मध्ये निघाली. पुढे १८८० च्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावाने, बाई साकरबाई जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं. त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. याच कॉलेजचं एक आवार गोरेगावच्या आरेतही आहे, म्हणजे आमच्याकडून रिक्षाच्या अंतरावर. इथला विचार वेगळा: नुसतं सांभाळू नका, रोग ओळखा, उपचार करा. हे डॉक्टरांचं उत्तर.

उरला मित्राचा सल्ला. त्यासाठी मात्र मुंबई सोडून साबरमतीला जावं लागतं. १९२८ साली आश्रमातलं एक वासरू जायबंदी होऊन पडलं. कूस बदलायची तरी वेदना, खाणं बंद, अंगावर माश्या. सर्जनने हात टेकले. गांधीजींनी आधी आश्रमाच्या व्यवस्थापक मंडळाला विचारलं, मग सगळ्या आश्रमाला. एका शेजाऱ्याने ठाम विरोध केला: जो जीव आपण देऊ शकत नाही तो घ्यायचा अधिकार आपल्याला नाही. गांधीजींनी त्यांचं ऐकून घेतलं, आणि तरीही डॉक्टरकडून विषाचं इंजेक्शन देववलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं.

हे त्यांनी स्वतःच छापलं. मग काय, संतापलेल्या पत्रांचा पाऊस! अहिंसा शिकवणारा माणूस वासरू मारतो? त्या वादात उत्तरं देताना त्यांनी असा निर्णय केव्हा घेता येईल याच्या चार अटी मांडल्या. एक, रोग असाध्य हवा. दोन, संबंधित सगळ्यांनीच आशा सोडलेली हवी. तीन, कुठल्याही मदतीचा किंवा सेवेचा उपयोग उरलेला नसावा. चार, रोग्याला स्वतःची इच्छा सांगणं अशक्य हवं.

मी इंजिनिअर माणूस. चार अटी, आणि चारही एकदम खऱ्या व्हायला हव्यात. असलं काही दिसलं की मला बरं वाटतं. रात्री दोन वाजता कागदावर लिहून काढल्या. पहिली खरी. चौथी खरी (वॉचमनकाकांची माफी मागून). दुसरी खोटी, कारण आईने आशा सोडलेली नव्हती. तिसरी तर साफ खोटी. कातडीखाली सलाईन दिलं की बंड्या दुसऱ्या दिवशी उठायचा, भाताचे चार घास खायचा, दाराशी जाऊन उभा राहायचा. म्हणजे सेवेला अजून जागा होती. मित्राचा सल्ला चुकीचा नव्हता, फक्त त्याची वेळ आलेली नव्हती.

सलाईन टोचायला शिकलो. कागद फ्रिजवर लावला आणि दर रविवारी चारही अटी पुन्हा तपासायचं ठरवलं. असे सहा रविवार गेले.

सातव्या रविवारी त्याला उचलतानाच तो कण्हला. तोंडात व्रण झाले होते, पाणीही उलटत होतं, सलाईनचा काही उपयोग नव्हता. तिसरी अट खरी झाली होती. दुसरीसाठी मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. पण त्याचं हे बघवत नाही. बोलाव डॉक्टरांना." पुढे म्हणाली, "डोकं माझ्या मांडीवर ठेवा."

आता दुसरी अट पूर्ण झाली की नाही? खरं सांगायचं तर मला अजून कळलेलं नाही. आशा तिने सोडली होती, विरोध सोडला नव्हता. त्या अटीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला फ्रिजवरचा कागद काढताना लक्षात आलं. साबरमतीच्या त्या विरोध करणाऱ्या शेजाऱ्याचं पुढे काय झालं असेल, असंही मनात आलं. त्यालाही नंतर आश्रमातल्या लोकांच्या शेजारीच राहावं लागलं असणार.

आईने त्या दिवशी बंड्याची वाटी धुतली आणि पुन्हा जागेवर ठेवली. मी काही बोललो नाही. असो.